नांगरावरचे दिवस

गलबतांवर लिहिणारे बहुतेक लोक शीड चढल्यावर लेखणी उचलतात आणि माल धक्क्यावर उतरला की खाली ठेवतात. मधला प्रवास वाचायला बरा असतो. वारा, लाटा, खांदेरीचा दिवा, मुंबईची गर्दी असे सगळे त्यात येते. पण पेण आणि रोहा या दोन गावांचा व्यापार ज्या गलबतांवर आणि मचव्यांवर चालला, त्यांचे दिवस नीट मोजायला बसले तर प्रवास त्यातला लहानसाच भाग निघेल. पेणजवळ अंतोऱ्याच्या बंदरात किंवा रोह्याला कुंडलिकेच्या काठी चिखलात बसलेले, माल भरलेले आणि तरीही न निघालेले गलबत, हे तिथले रोजचे दृश्य. त्यावर चार-सहा माणसे राहत, रांधत, भांडत, झोपत. पुढच्या पानांचा विषय ही माणसे आणि त्यांचे हे थांबलेले दिवस आहेत.

थांबणे म्हटले की आपल्याला वाटते, काही होत नाही तो वेळ. जहाजी इतिहासाच्या अभ्यासकांनाही तसेच वाटले असावे. डॉ. बी. के. आपटे यांनी मराठ्यांचे आरमार आणि व्यापारी जहाजे यांवर १९७३ साली मोलाचा ग्रंथ लिहिला, प्रा. बी. अरुणाचलम यांनी किनाऱ्यावरच्या खलाशांचे तारे, वारे आणि पाण्याचे ज्ञान टिपून ठेवले. दोघांचे ऋण मान्य करूनच म्हणायचे, की बांधलेल्या गलबतावरचा मंगळवार कसा जात होता हे त्यांच्याकडूनही फारसे कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की या दोन खाड्यांत थांबणे हाच धंद्याचा मुख्य भाग होता. त्याला शिस्त होती, हिशेब होता, आणि त्याची किंमत कोणीतरी मोजत होते. कोण, ते पुढे येईल.

आधी पाण्याचा नकाशा डोळ्यांसमोर घ्यायला हवा. पेण भोगावतीवर. ही नदी धरमतरच्या खाडीला मिळते, खाडी रेवस आणि करंजाच्या मधून मुंबई बंदराच्या पाण्यात उघडते. म्हणजे पेणचे गलबत मुंबईला जाताना बहुतेक वाट आडोशाच्या पाण्यातून जाई. उघडा समुद्र त्याच्या वाट्याला जवळजवळ येतच नसे. रोह्याचे तसे नाही. रोहा कुंडलिकेवर, समोरच्या तीरावर अष्टमी. नदी रुंदावत रेवदंड्याच्या खाडीत जाते, एका बाजूला चौल-रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा डोंगर, आणि त्यापुढे एकदम मोकळा अरबी समुद्र. तिथून उत्तरेला वळून अलिबाग, खांदेरी-उंदेरी मागे टाकत मुंबई गाठायची. दोन्ही गावांचे गिऱ्हाईक एकच, मुंबई. पण पेणचा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, मुख्यतः पाण्याची वाट पाही, रोह्याचा तांडेल आधी पाण्याची आणि मग रेवदंड्याला येऊन वाऱ्याची. रोहेकरांच्या वाट्याला थांबणे दुप्पट आले ते असे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिऱ्यावरचा खंड १८८३ साली निघाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले. त्या खंडात खाड्यांचे वर्णन वाचताना एक गोष्ट लक्षात येते. खाडी किती लांब, यापेक्षा कोणत्या भरतीला किती मोठे गलबत कुठवर चढते, याला महत्त्व आहे. साहेबाने हे शास्त्र लंडनहून आणले नव्हते. कोणत्याही तांडेलाला विचारले असते तर त्याने हेच सांगितले असते, आणि बहुधा विचारलेच असणार.

हे शास्त्र एका ओळीत मावते: तिथीला पाऊणने गुणा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा भरती, म्हणून दीड वाजता दुपारी आणि दीड वाजता रात्रीही. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला तो चांगला लागू पडतो. त्यात एक खोट आहे. पंधराव्या तिथीला गुणाकार सव्वाअकरा सांगतो आणि लगेच पुढच्या प्रतिपदेला पाऊण, म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी. पाणी अशी उडी मारत नाही. ही तफावत तांडेल डोळ्याने भरून काढी. खुंटावरची ओली रेघ त्याला पुरे होती. शिवाय गुणाकार मोकळ्या किनाऱ्याचा. खाडीतून वर पेणपर्यंत किंवा रोह्यापर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तो ज्याच्या त्याच्या अंगवळणी पडलेला.

पण वेळ कळली म्हणून गलबत निघत नाही. पाणी पुरेसे हवे. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते; तेव्हा या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा तोच फरक दोन मीटरच्याही खाली येऊ शकतो. नदीच्या वरच्या टोकाला, जिथे पात्र अरुंद आणि तळाला गाळ, तिथे भांगाच्या भरतीला भरलेले गलबत हलत नाही. रिकामे हलेल. पण रिकामे जाऊन करायचे काय?

आता यात वारा मिळवा. थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. भरलेल्या गलबताला खाडीतून बाहेर पडायचे तर उतरते पाणी आणि मागून येणारी मतलई एकाच वेळी हवी. उधाणाच्या दिवसांत हा योग आपोआप जुळतो. मध्यरात्रीनंतर भरती पूर्ण होते, तेव्हाच पाणी भरपूर असते, ओहोटी लागते आणि मतलई सुटते. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थी-पंचमीपर्यंत ही दारे उघडी. त्यानंतर पाणीही कमी आणि ओहोटीही भलत्या वेळेला. एखाद्याने माल भरायला दोन दिवस उशीर केला तर तो दोन दिवसांनी निघत नसे, पुढच्या पंधरवड्यात निघे. बंदरावर “कधी निघणार?” या प्रश्नाला वार किंवा तारीख हे उत्तरच नव्हते, उत्तर तिथीत मिळे.

म्हणजे भांगाचे आठ-नऊ दिवस गलबत जागेवर. या दिवसांत त्यावर काय चाले?

पहिले काम पाणी उपसण्याचे. लाकडी गलबत उभे असले तरी गळते, भरलेले असले तर जास्तच. माल मिठाचा असेल तर तळातले पाणी म्हणजे सरळ तोटा, तांदळाचा असेल तर कूज. म्हणून रात्री-बेरात्री पाळीपाळीने उठून उपसा करावा लागे. ओहोटीला गलबत चिखलात टेकले की एका अंगाला कलते. झोपलेला माणूस त्याबरोबर एका कडेला घरंगळतो, भरतीला पुन्हा सरळ होतो. अशी सहा-सहा तासांची झोप ज्यांनी घेतली नाही त्यांना तिची सवय होते हे खरे वाटणार नाही. चिखलात टेकलेल्या त्या तासांतच दुरुस्ती उरके. उघड्या पडलेल्या अंगावरचे शिंपले खरवडायचे, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, बुडाला चुना आणि चरबीचा लेप द्यायचा. पाणी चढायच्या आत काम संपवायचे असे, त्यामुळे “थांबलेल्या” गलबतावरची हीच सर्वांत घाईची वेळ. बाकी वेळ शिडाची शिवण आणि काथ्याचे दोर. दोर उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने झिजतात, आणि नेमका झिजलेला दोर कधी तुटतो हे प्रत्येक खलाशाला माहीत असते.

चूल पाठीमागच्या भागात, मातीने भरलेल्या लाकडी पेटीत. रांधणारा तो भंडारी, बहुधा सर्वांत लहान पोरगा, ज्याला सगळे शिव्या देत आणि ज्याच्या हातचेच सगळे खात. भात, तांदळाची भाकरी, सुकट, सुका बोंबील, कांदा. निघायला उशीर झाला की शिधा आटायचा, आणि मग खाडी पोसायची. या खाडीने कुणाला उपाशी ठेवले असे ऐकिवात नाही. ओहोटीला चिखलात निवट्या, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या, जाळ्यात बोईट आणि कोळंबी. नशीब असेल तर जिताडा. मात्र जिताडा गलबतावर शिजेलच असे नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताड्याची भेट पाठवून अडलेली कामे मोकळी करून घेण्याची ख्याती फार जुनी आहे, आणि अडलेल्या गलबताइतके अडलेले काम दुसरे कोणते?

खरी ओढाताण गोड्या पाण्याची. चहूकडे पाणी आणि प्यायला एक पिंप. पेणच्या बाजूला ही अडचण गलबतापुरती नव्हती, काठावरच्या गावांचीही तीच. भोगावती आणि धरमतरच्या काठचा खारेपाट म्हणजे बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन. पूर्वीच्या शिलोत्रीच्या बांधांपासून १९४८ च्या खारजमीन कायद्यापर्यंत या बांधांची मोठी गोष्ट आहे. बांधाच्या आत भात पिकते, विहिरीला मात्र खारे पाणी लागते. वाशी-शिर्की भागातल्या बायका आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नव्या मुंबईला जाते. अशा काठावर नांगरलेल्या गलबताला कोणी पिंपभर पाणी दिले तर ते उपकारच म्हणायचे.

रोह्याला गोड्या पाण्याचे सुख होते. कुंडलिका तिथे गोडी आहे. १९२७ पासून तर ती उन्हाळ्यातही वाहती राहिली, कारण टाटांच्या भिरा वीजगृहातून पडणारे पाणी तिला मिळू लागले. हे पाणी मुळशीच्या धरणातले, घाटापलीकडचे. ते आपल्या वाटेने गेले असते तर भीमेतून बंगालच्या उपसागराला मिळाले असते. या धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला आणि ते हरले. रोह्याच्या काठी पिंप भरणाऱ्या खलाशाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्याला आहे, म्हणून नोंदवले.

गलबतावरची माणसे एका जातीची नव्हती, एका धर्माचीही नव्हती. पेणकडे आगरी आणि कोळी, रोहा-अष्टमी आणि चौलकडे कोळ्यांबरोबर कोकणी मुसलमान, त्यांत दालदीही. एकाच चुलीवर भात शिजे की दोन, हे गलबतागणिक बदले. नारळी पौर्णिमेचा नारळ मात्र सर्वांचा. रोह्याला दसऱ्याच्या सुमारास गलबत असले तर धावीर महाराजांची पालखी पाहायला मिळे. जिला पोलीस सलामी देतात अशी पालखी, म्हणून आसपासची गावे लोटतात. निघायची घाई असलेला तांडेलही त्या दिवशी खलाशांना धरून ठेवू शकत नसे. मला वाटते, तो प्रयत्नही करत नसावा.

आता माल आणि कागद. पेणहून मुंबईला जाणाऱ्या मालात मीठ आणि तांदूळ आधी, मग सरपण, कोळसा, गवत-पेंढा. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर लकडी बंदर, कोळसा बंदर, ‘हे’ (इंग्रजी hay, म्हणजे गवत) बंदर असे धक्के आहेत, ते असाच माल उतरवून घेण्यासाठी. परतीला कौले, रॉकेल, कापड, किराणा. गलबत केवढे हे खंडीत सांगत. मीठ टोपल्यांतून हमाल फळीवरून चढवीत, आणि त्याच्या आधी सरकारी मोजणी, कर आणि परवाना. मिठावरचा कर १९४७ साली गेला. तोवर मिठाचे गलबत चंद्रासाठी जितके थांबले त्याहून कारकुनासाठी कमी थांबले असे म्हणवत नाही. गलबतांची नोंदणी आणि अंगावर नंबर हे तर १८३८ च्या कायद्यापासूनचे. भरती एकदा चुकली की पंधरवडा जातो, हे कचेरीच्या घड्याळाला समजत नाही. तक्रार जुनी आहे आणि आजच्या वाचकालाही ती नवी वाटणार नाही.

इथे पैशाचा प्रश्न येतो. माल व्यापाऱ्याचा, गलबत नाखव्याचे, मेहनत तांडेल-खलाशांची. मेहनतीचा मोबदला बहुधा खेपेमागे किंवा खेपेच्या उत्पन्नातल्या वाट्याने. म्हणजे गलबत चालले तर पैसे, उभे राहिले तर जेवण. व्यापाऱ्याला भांगाचे दिवस फारसे जड नसत. उलट मुंबईचा भाव चढेपर्यंत माल गलबतातच ठेवायला मिळाला तर कोठाराचे भाडे वाचले. मोठ्या जहाजांच्या धंद्यात उशिराला भाव आहे. ठरल्यापेक्षा जास्त दिवस जहाज अडकले तर जहाज भाड्याने घेणाऱ्याकडून डेमरेज वसूल होते. खाडीतल्या गलबतावर उशिराचा खर्च खलाशाच्या पोटातून जाई, तोही त्याने कधी मागितला नाही म्हणून. याच्या भरपाईला उचल घ्यायची, आणि उचल घेतली की पुढच्या मोसमालाही तोच नाखवा. खाडीचे सौंदर्य रंगवणाऱ्या लेखांत ही उचल दिसत नाही, म्हणून इथे तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले.

याहून मोठे थांबणे मोसमाचे. ज्येष्ठ लागायच्या आत गलबते काठावर ओढून, झापांनी आणि पेंढ्याने शाकारून ठेवली जात. खलाशी घरी जाऊन भातशेतीला लागत. कारण यांतले बरेच जण अर्धे वर्ष शेतकरीच होते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर शीड चढवायचे नाही हा नियम कोणत्या कायद्याने घालून दिला नव्हता, अनुभवाने दिला होता. वाफेच्या बोटींना तो लागू नाही असे मानले गेले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उधाणलेल्या समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांतली कितीतरी या जिल्ह्यातली, सणाला घरी निघालेली. अपघाताची कारणमीमांसा इथे करायची नाही. एवढेच, की त्या महिन्यात या किनाऱ्यावरची शिडाची गलबते झापांखाली होती.

शिडाचे दिवस कसे संपले ते थोडक्यात. मचव्यांना इंजिन बसले आणि वाऱ्याची वाट पाहणे संपले. पाण्याची वाट पाहणे राहिले. मग रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले, माल ट्रकमध्ये गेला. १९८६ साली रेल्वे रोह्याला पोचली, पुढे तिथूनच कोकण रेल्वे सुरू झाली आणि १९९८ साली पूर्ण झाली. पेण आणि रोहा स्टेशनांवर आता लोक जी वाट पाहतात तिचा चंद्राशी संबंध नाही. नदीपात्रांत गाळ वाढला. अंतोऱ्याला बंदर होते हे पेणमधल्या तरुणाला सांगावे लागते.

तरी खाडी रिकामी झालेली नाही. धरमतरच्या खाडीत, पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी, कोळसा आणि लोहखनिज घेऊन बार्ज येतात. मोठी जहाजे मुंबईबाहेर खोल पाण्यात नांगरतात, माल बार्जमध्ये उतरतो, आणि बार्ज भरतीबरोबर वर चढतात. रेवदंड्याच्या खाडीत साळावलाही तसेच. बार्ज लोखंडी, इंजिन मोठे, चूल गॅसची, माणसे बहुधा दूरच्या मुलखातली. पण भरलेल्या बार्जला तळाशी पाणी लागते ते तेवढेच लागते, आणि भांगाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी त्या रांगेने उभ्या राहतात. त्यांवरची माणसे तिथे काय खातात, पाणी कुठून आणतात, उभ्या दिवसाचा पगार कसा मिळतो, यावर कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. पुढेमागे कोणी लिहायला घेतलेच, तर या पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेले तिथी आणि भरतीचे कोष्टक त्याने खुशाल उचलावे. त्यात एक अंकही बदलावा लागणार नाही.